काहीच फुटलं नाही

३ मार्च, सोमवार

नव्या घराची किल्ली आज हातात आली. कारखान्याने वर्षारंभी वाटलेली ही डायरी कोरीच पडून होती, ती आजपासून लिहायला घेतो. लोक घर बदलताना कपबश्या फोडतात, एकमेकांवर डाफरतात आणि नव्या घरात पोचल्यावर आठवडाभर कात्री शोधत बसतात. आमचं तसं होऊ नये. मी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. माझ्या हातून गेलेल्या खोक्यात काही फुटकं निघालं, अशी तक्रार अजून आलेली नाही. तेव्हा हे सगळं कसं पार पाडलं ते नीट लिहून ठेवावं, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

घर बदलायचं मुख्य कारण आई. इथे आमची आणि पलीकडच्या काकूंची गॅलरी एक, नळ एक आणि कपडे वाळत घालायची तारही एकच. काकू एकट्या राहतात. दोघींचं वय सारखंच, दोघींचे यजमान गेलेले, आणि कित्येक वर्षं दोघींचं रोज सकाळी भांडण. आई त्यांना तोफ म्हणते. त्या आईला सरकार म्हणतात. आज सकाळचंच सांगतो.

“सरकार, तुमची चादर माझ्या खुर्चीवर गळतेय.”

“मग खुर्ची उचल. चादर काय मी हातात धरून उभी राहू?”

“पिळता येत नाही तर धुवायची हौस कशाला?”

“माझ्या मनगटात नाही बाई तेवढा जोर.”

“नसणारच. सगळा जोर जिभेत!”

“आणि तुझी जीभ वाळत घातली तर तार तुटेल.”

मी आत प्रार्थनेला बसलो होतो. मी देवाजवळ फारसं कधी काही मागत नाही, पण आज मागितलं. म्हटलं, देवा, या बाईने जन्मभर खस्ता खाल्ल्या, आता शेवटी तरी तिला शांतता दे. हे हिला, म्हणजे बायकोला सांगितलं, तर ही म्हणाली, “आईंसाठी मागितलीत शांतता?”

“मग काय माझ्यासाठी?”

ही कांदा चिरत राहिली.

६ मार्च, गुरुवार

बांधाबांध सुरू केली. कारखान्यातून पेंढा, जुने कागद आणि रिकामी खोकी साहेबांना विचारून आणली आहेत. आमच्या कामाचं मर्म एकच आहे: कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. काच जमिनीवर पडून जेवढी फुटते त्यापेक्षा जास्त काचेला लागून फुटते. मध्ये पेंढा असला की खोकं आपटलं तरी हरकत नाही. लेकीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही माणसांचंसुद्धा असंच करता.” हल्लीच्या मुलांना कामाच्या गोष्टीतही थट्टा सुचते.

आईला नव्या घराबद्दल सगळं सांगितलं. स्वतंत्र बसकं घर आहे, जिने चढायला नकोत. तिची खोली उजेडाची. नळ आपला, तार आपली, अंगण आपलं.

तिने एवढंच विचारलं, “शेजारी कोण आहे?”

“कोणी नाही. चारही भिंती आपल्याच. समोर रस्ता, त्यापलीकडे एक घर आहे. एका बाजूला मोकळी जागा, दुसऱ्या बाजूच्या घराला कुलूप.”

तिने हातातल्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, “बरं.” इतकी वर्षं सोसलेल्या माणसाला सुटका होणार हे एकदम खरं वाटत नाही.

९ मार्च, रविवार

आज काकूंना कळलं. म्हणजे आईनेच तारेखाली उभं राहून मोठ्याने सांगितलं. मी दाराशी खोकं बांधत होतो. काकू आत आल्या.

“निघालात म्हणे.”

“निघालो,” आई म्हणाली. “आता तार तुझीच. लटक एकटी.”

“बरं झालं बाई. चादरी गळायच्या थांबतील.” काकूंनी माझ्या खोक्यात वाकून बघितलं. “हे काय रे? डबे असे बांधतात? झाकणं उघडून दाणे सांडतील ना सगळे.”

मी सांगायला गेलो की हे माझं रोजचं काम आहे, पण काकूंनी पदर खोचून खोकं उपडं केलंही होतं. आई म्हणाली, “हात लावू नकोस माझ्या डब्यांना!” आणि त्यांच्या शेजारी बसून एकेक डबा त्यांच्या हातात देऊ लागली.

मग दिवसभर हेच चाललं. हा डबा माझा आहे. तुझा कुठला, झाकणावरची पोच बघ. ती पोच तूच पाडलीस. हे पातेलं तू माझ्याकडून नेलं होतंस. नेलं होतं, कारण तुझ्याकडे जळून गेलं असतं. दुपारी जेवायलासुद्धा काकू इथेच. जेवताना भाजीत मीठ कमी असल्यावरून वाद झाला आणि दोघींनी ती दोनदा वाढून घेतली. संध्याकाळी मी पाहिलं तर स्वयंपाकघरातलं एकच खोकं बांधून झालं होतं आणि दोघींचे घसे बसले होते.

यावरून शिकण्यासारखं: बांधाबांधीच्या दिवशी बाहेरच्या माणसांना घरात येऊ देऊ नये.

१२ मार्च, बुधवार

मी संध्याकाळी खोकी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येतो तो त्यातली एकदोन उघडी असतात. आज जड कपड्यांचं खोकं उघडं होतं. आईला विचारलं. म्हणाली, “तिला दाखवायची होती शाल. म्हणते, तुझ्याकडे कुठली आलीय शाल.”

“अगं, पण दाखवायची कशाला?”

“मग काय तिला खोटं बोलू द्यायचं?”

परवा डब्यांचं खोकं असंच उघडलं होतं, कारण पोच कुणी पाडली याचा पुन्हा निकाल लावायचा होता. मी चिडलो नाही. वय झालं की माणूस निघताना चारदा मागे वळतो. पण सरळ चाललेल्या कामात खोडा पडतो, हेही खरं. मी दोरी आणखी पक्की बांधली.

१५ मार्च, शनिवार

आलो. काहीच फुटलं नाही. एक कपसुद्धा नाही.

सकाळी टेम्पो वेळेवर आला. ड्रायव्हर गमत्या निघाला. माझी खोकी हलवून बघत म्हणाला, “साहेब, आत सामान आहे ना? आवाजच नाही कसला.” मला फार बरं वाटलं. सगळ्या खोक्यांवर कुठल्या खोलीत जायचं ते मी लिहिलंच होतं. कात्री माझ्या खिशात होती.

काकूंचं दार सकाळपासून बंद होतं. मला धाकधूक होती की निघताना काही तरी तमाशा होईल, पण देवाने तेवढं सांभाळलं. एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. आज तारेवर त्यांचा एकही कपडा नव्हता. सगळी तार आमच्यासाठी मोकळी सोडली होती, जणू आम्ही जाता जाता धुणं धुणार होतो.

आईला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. टेम्पो सुरू झाला तरी ती वर गॅलरीकडे बघत होती. “बघितलंस?” मला म्हणाली. “आतून कडी लावून बसलीय. माणूस निघाल्यावर दारात येऊन चार शिव्या तरी द्याव्यात की नाही?”

ड्रायव्हर म्हणाला, “आजी, मी देऊ का?”

आई हसली नाही.

१७ मार्च, सोमवार

दोन्ही सकाळी प्रार्थना निर्विघ्न झाली. असं किती वर्षांत घडलं नव्हतं. बाहेर एक पाखरू बोलत होतं, तेही हळू. गावच्या शाळेत आमचे मास्तर डोळे मिटून बसवायचे आणि म्हणायचे, आपला श्वास ऐका. तेव्हा शेजारच्या मुलाचाच ऐकू यायचा. आज माझा ऐकू आला.

आई लवकर उठून अंगणात गेली, तारेखाली उभी राहिली आणि परत आत आली. दिवसभर तिचा आवाज नाही. देवाने ऐकलं.

२३ मार्च, रविवार

घर लागलं. फळ्या ठोकल्या, पडदे लावले, खोक्यांची घडी करून कारखान्यात परत दिली. नव्या घरात सामान लावताना आधी झोपायची सोय, मग स्वयंपाकघर आणि शेवटी बाकीचं, असा क्रम ठेवावा म्हणजे चिडचिड होत नाही. आमच्याकडे अजिबात झाली नाही.

आई पूर्ण शांत झाली आहे. एका जागी बसून असते. जेवण थोडं कमी झालंय, पण वयाप्रमाणे ते होणारच. काल मी कामावरून आलो तर भिंतीला कान लावून बसली होती. विचारलं, काय ऐकतेस? म्हणाली, “काही नाही.” खरंच पलीकडे काही नाही, मोकळी जागा आहे.

लेक म्हणाली, “बाबा, आजी बोलत नाहीये.”

मी म्हटलं, “अगं, बोलायला कारणच पडू नये म्हणून तर आपण इथे आलो.”

ती उठून गेली.

२६ मार्च, बुधवार

आज कारखान्यात माझी मान खाली गेली. एका प्रयोगशाळेला पाठवलेल्या काचेच्या बुचांच्या बाटल्या परत आल्या. फुटलं काहीच नव्हतं. झालं असं की ही बुचं दोऱ्याने आपापल्या बाटलीच्या मानेला बांधून पाठवायची असतात. महिन्याच्या सुरुवातीला हे काम माझ्याकडे होतं. बूच बाटलीला लागून टकटक वाजतं, प्रवासात टवका उडेल, म्हणून मी सगळे दोरे सोडले आणि बाटल्या एका खोक्यात, बुचं दुसऱ्या खोक्यात, पेंढ्यात छान बसवून पाठवली.

साहेब रागावले नाहीत, पण म्हणाले, “अहो, तुमच्यासारख्या माणसाने असं करावं? ती बाटली आणि ते बूच एकमेकांवर घासघासून बसवलेलं असतं. दुसरं चालत नाही. आता बसा जोड्या लावत.”

दिवसभर बसलो. एक बूच उचलायचं, बाटलीवर फिरवायचं, डगमगलं की दुसरं. आपलं सापडलं की लगेच कळतं, हाताला बारीकशी खरखर लागते आणि मग हालत नाही. बरीच अजून लागायची आहेत. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. घर बदलण्याच्या नादात लक्ष राहिलं नाही, एवढंच. घरचं काम नोकरीच्या कामात येऊ देऊ नये, हा धडा घेतला.

३० मार्च, रविवार

हिचा हात अलीकडे चळला आहे. आज भाजी इतकी खारट की घास तोंडात धरवेना. मी काही बोलणार तेवढ्यात हिने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि आईकडे बघत राहिली. आईने एक घास खाल्ला, हळूहळू गिळला आणि म्हणाली, “छान झालीय.”

ही उठली आणि आत जाऊन रडायला लागली. मी मागे गेलो. म्हटलं, “अगं, आईने नावं ठेवली नाहीत, उलट छान म्हणाली. यात रडण्यासारखं काय?”

“तेच,” ही म्हणाली.

लेकीचंही काही तरी बिनसलंय. परवा तिने आईच्या खाटेवर मुद्दाम ओला टॉवेल टाकला. माझ्या डोळ्यांदेखत टाकला! आईने तो उचलून बाजूला ठेवला आणि ओल्या जागेवरच बसली. मी लेकीला चांगलंच फैलावर घेतलं. स्थलांतराचा शीण असा उशिरा बाहेर पडतो.

डॉक्टर येऊन गेले. तपासून म्हणाले, रोग असा नाही. शक्तीचं औषध आणि पूर्ण विश्रांती सांगितली. जाताना मला विचारलं, “या एकट्या असतात का हो दिवसभर?” मी म्हटलं, “छे, आम्ही सगळे असतो की.”

२ एप्रिल, बुधवार

आई आज उठली नाही. केस विंचरायला नको म्हणाली. दुधाचा पेला तोंडाला लावून खाली ठेवला. मी तिच्याजवळ बसून थोडं वाचून दाखवलं, ती ऐकत होती की नाही कळलं नाही. म्हटलं, “आई, काय होतंय?”

“काही नाही होत रे,” ती म्हणाली. “काहीच नाही होत.”

डॉक्टर पुन्हा आले. आज बोलताना ते मला अंगणात घेऊन गेले. जेवण सुरू झालं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि या वयात एकदा तिथे गेलं की… एवढं बोलून त्यांनी बॅग उचलली.

ते वाक्य मी मनात पुरं करत नाहीये. पण खरं लिहायचं तर आज पहिल्यांदा मनात आलं की माझं काही तरी चुकलं आहे का? सगळं तर रीतसर केलं. घर हवेशीर आहे. आवाज नाही, कटकट नाही. शांतता आणि सुख एकच, असं मी धरून चाललो होतो. ते तसं नसेल तर मग काय आहे, ते मला कोणी शिकवलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

जुन्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहिली होती. कामावरून थोडा लवकर निघून घरमालकाला देऊन आलो. वर गेलो तर काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. आमच्या जागेत नवरा-बायको राहायला आले आहेत, दोघं नोकरीवाले.

“कसे आहेत नवीन शेजारी?” मी विचारलं.

“सभ्य आहेत,” काकू म्हणाल्या, शिवी दिल्यासारखं. “काल मी मुद्दाम त्यांच्या दारात पाणी सांडलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, असू दे आजी, मी पुसते. आणि पुसलंन् रे! वर मला आजी म्हणाली!”

त्या वाळल्यासारख्या दिसल्या. मी तसं म्हटलं नाही.

“आणि सरकार? नाक वर असेल ना आता, घर मिळालंय.”

“आई बरी नाही,” मी म्हटलं. “जेवत नाही. परवापासून उठलीसुद्धा नाही.”

काकू खुर्चीचा हात पदराने पुसत बसल्या. स्वच्छ होता तरी पुसत होत्या. मग म्हणाल्या, “पत्ता दे.”

“कशाला काकू?”

“दोन शब्द ऐकवायचेत तिला. जाताना नळाखालची माझी वीट घेऊन गेली.”

मी वाकून पाहिलं. वीट नळाखालीच होती. तशी दाखवली.

“मग दुसरं काही तरी नेलं असेल. तू पत्ता दे.”

मी हात जोडले. म्हटलं, काकू, डॉक्टरांनी तिला पूर्ण विश्रांती सांगितली आहे, या वेळी वादावादी नको. त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघायला लागल्या. अवघड प्रसंग होता, पण निभावला.

घरी आल्यावर मन हलकं व्हावं म्हणून हिला विटेची गंमत सांगितली. ही हसली नाही. “पुन्हा सांगा,” म्हणाली. पुन्हा सांगितली. मग हिने लेकीकडे पाहिलं, लेकीने हिच्याकडे. दोघींना कधीकधी विनोद कळत नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी मायलेकी औषध आणायला म्हणून गेल्या आणि काकूंना घेऊन आल्या.

मी दारात आडवा आलो. काकूंनी मला कोपराने बाजूला केलं. खोलीपर्यंत जायचीही वाट न बघता अंगणातूनच सुरुवात केली. “काय हे घर! शेजार ना पाजार, जंगलात आणून टाकलंय म्हातारीला. कुठंय ती?”

आतून खाट करकरली. मी धावलो. आई कोपरावर उठून बसली होती, डोळे मोठे झाले होते. “कोण आलंय?” मग सुनेला म्हणाली, “अगं बघतेस काय? दार लोट आधी. केस विंचर माझे. तिच्यासमोर अशी बसू का मी?”

दार लोटलं. काकू बाहेर उभ्या राहून बोलतच होत्या. आत ही वेणी घालत होती आणि आई तिथूनच उत्तरं देत होती. आवाज आधी फाटका होता, मग लागला.

“कोणी बोलावलं तुला?”

“सूनच आली पाया पडत. म्हणे सरकारांनी अन्न सोडलंय. नाटकं! सुनेच्या हाताला चव नसेल.”

“तोंड सांभाळ! माझ्या सुनेसारखा स्वयंपाक तुझ्या सात पिढ्यांत कोणी केला नसेल.”

“मग खात का नाहीस?”

“खात नाही कोण म्हणालं? वाढ गं हिच्यासमोर! बघू दे हिला.”

मला ते बघवेना. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. पूर्ण विश्रांती सांगितलेल्या माणसाचं हे काय चाललंय, डॉक्टर आले तर काय सांगायचं, म्हणून मी रस्त्यावर नजर ठेवून होतो. आतून दोघींचे आवाज एकमेकींत अडकून येत होते, मध्येच ताटाचा आवाज, मध्येच लेकीचं हसणं. लेक बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, आजी दुसऱ्यांदा भात मागतेय.” तिचे डोळे भरले होते. तिलाही तो आवाज सहन झाला नसावा.

काकू संध्याकाळी निघाल्या. जाताना म्हणाल्या, “अजून खूप बाकी आहे बोलायचं. पुढच्या रविवारी येते.”

“ये की,” आई म्हणाली. “मी काय घाबरते तुला?”

नंतर प्रार्थनेला बसलो, पण काय मागावं ते सुचेना. मागच्या वेळी मागितलं ते सगळंच्या सगळं मिळालं होतं.

१९ एप्रिल, शनिवार

आई आता अंगणात फिरते, भाजीला नावं ठेवते, माझ्या चपला कुठे काढाव्यात यावर बोलते. औषध लागू पडलं. डॉक्टरांना मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी बाटली हातात घेऊन बघितली. ती जवळजवळ भरलेली होती.

आज हिने एक बातमी आणली. रस्त्यापलीकडच्या घराची पुढची खोली भाड्याने द्यायची आहे आणि ती काकू घेताहेत! मी स्पष्ट विरोध केला. म्हटलं, ज्याच्यापासून सुटायला एवढा खटाटोप केला, तेच रस्त्यापलीकडे आणून बसवायचं? मग आपण आलो कशाला?

“तुम्ही आईंनाच विचारा,” ही म्हणाली.

आई म्हणाली, “मला काय! रस्ता माझ्या बापाचा आहे का? कोणीही येऊ दे.” आणि लगेच, “कधी येतेय?”

काकू खोली बघायला आल्या होत्या, त्यांनाही मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या आईसाठी येतेय असं समजू नकोस हं. इकडे पाण्याचा दाब चांगला आहे.” हे मात्र खरं आहे. आमच्या नळालाही पाणी जोरात येतं. आता पाण्यासाठी कोणी येत असेल तर आपण कसं अडवणार? सामान बांधून द्यायचं मी कबूल केलं. निदान ते तरी रीतसर व्हावं.

२७ एप्रिल, रविवार

काकूंचं स्थलांतर झालं. रीतसर झालं नाही.

आई बरोबर यायला हटून बसली. म्हणे, “ती माझी भांडी आपल्यात घुसडेल, मला बघायला हवं.” जुन्या घराचा जिना ती माझा हात धरून चढली. वर पोचल्यावर हात सोडून दिला, तो काकूंना दिसू नये म्हणून. मग बांधलेलं खोकं उघडायचं, वस्तू उन्हात धरून बघायची, ती कोणाची यावर निकाल लागेपर्यंत बाकी काम बंद. काचेच्या एका तांब्याला दोघींनी एकदम हात घातला. “सोड!” “तूच सोड!” आणि दोघींनी एकाच वेळी ऐकलं.

माझ्या समोर, माझ्या बांधाबांधीत, तुकडे तुकडे. मी केरसुणी आणायला वळलो तर मागे हसण्याचा आवाज. बघतो तो दोघी भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून हसत होत्या. कशाला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे दोन कप आणि एक आरसाही फुटला. ड्रायव्हर तोच होता. खोकी हलवून म्हणाला, “साहेब, या वेळी भरपूर सामान दिसतंय.”

नव्या खोलीत खाट कुठे ठेवायची यावर दुपार गेली. काकूंना ती खिडकीशीच हवी होती. आई आमच्या अंगणातून ओरडून सांगत होती, “तिथे नको, ऊन येतं!” काकू खिडकीतून, “मला ऊनच हवंय!” रस्ता मध्ये असल्यामुळे दोघींना आता पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलावं लागतं, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं.

मी काकूंना शांतपणे समजावलं, “इथून काही दिसत नाही हो. ना झाड, ना आभाळ. नुसतं आमचं दार दिसतं.”

“नजर ठेवायला बरं,” त्या म्हणाल्या.

शेवटी मी मधला मार्ग काढला. खाट आतल्या भिंतीशी लावली. तिथे ऊन नाही, वारा आहे आणि दोघींना एकमेकींचा त्रास नाही. खाट जुनी, लाकडी, फार जड. ड्रायव्हर आणि मी दोघांनी मिळून कशीबशी सरकवली.

२८ एप्रिल, सोमवार

कामावरून येताना काकूंना काही हवं-नको विचारायला डोकावलो. खाट पुन्हा खिडकीशी होती.

“काकू, ही कोणी हलवली?”

“मीच.”

“एकटीने?”

“मग काय तुझी वाट बघत बसू?”

या वयात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. घरी आलो तर आई कंबर धरून बसली होती आणि ही तिला शेक देत होती. मी घाबरून विचारलं, “काय उचललंस?”

“मी कशाला काही उचलू?” आई म्हणाली, आणि हिला म्हणाली, “अगं, जरा डावीकडे शेक. तिकडच्या बाजूने ओढ जास्त बसली.”